ओस पडलेल्या डाउनटाऊनमध्ये पहिला पैसा कोणी टाकायचा?

डाउनटाऊन म्हणजे शहराच्या मध्यभागातली जुनी बाजारपेठ. तिथला एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुन्या विटांच्या इमारती. तळमजल्याच्या काचांना आतून कागद चिकटवलेले. वरच्या मजल्यांवर कित्येक वर्षांत कुणी चढलेलं नाही. दोन इमारतींच्या मधे कधीकाळी तिसरी होती, तिथे आता गाड्या लावायची मोकळी जागा. दिवसा बँकेत आणि कोर्टात कामाला येणारी माणसं दिसतात. संध्याकाळी ती गाडीत बसून निघून जातात, आणि मग रिकाम्या चौकात सिग्नल आपले लाल-हिरवे होत राहतात.

या रस्त्यावरच्या मालकाला विचारलं तर तो म्हणेल, इमारत दुरुस्त करायची आहे हो, पण शेजारची पडायला आलेली असताना माझ्या गाळ्याला भाडं देणार कोण? दुकानदार म्हणेल, वर लोक राहायला येऊ देत, मी लगेच दुकान उघडतो. घर शोधणारं जोडपं म्हणेल, खाली साधं किराणा दुकान नाही, रात्री धड उजेड नाही, इथे राहायचं कसं? आणि बँक म्हणेल, या रस्त्यावर चाललेला एक प्रकल्प दाखवा, मग कर्जाचं बोलू.

गंमत अशी की यातलं कुणीच चुकीचं बोलत नाही. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे आणि त्या सगळ्या बरोबर हिशेबांनी मिळून रस्ता मारून टाकला आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला हवी हे सगळ्यांना मान्य. पुढे होणारा मात्र कुणी नाही.

‘सार्वजनिक-खासगी भागीदारीतून डाउनटाऊनचं पुनरुज्जीवन’ हे वाक्य कानाला जड वाटतं, पण त्यातला मूळ मुद्दा या कोंडीइतकाच आहे. पहिलं पाऊल टाकणाऱ्याचा तोटा होण्याची शक्यता मोठी असते, आणि तो धोका पत्करायची ऐपत फक्त शहराकडे, म्हणजे सगळ्यांच्या मिळून असलेल्या तिजोरीकडे असते. प्रश्न उरतो तो असा की धोका सगळ्यांनी घेतला, तर पुढे येणाऱ्या पिकात सगळ्यांचा वाटा राहतो की नाही. मला तरी या विषयात याच प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आधी रिकामं झालंच कसं

डाउनटाऊन ही मुळात अमेरिकेची संकल्पना आणि ती उजाड होण्याची गोष्टही तिथेच सगळ्यात मोठ्या प्रमाणावर घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरातल्या घरांसाठी सरकारच्या हमीवर कर्ज सहज मिळू लागलं. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि शहरातून बाहेर पडणं सोपं झालं. त्याच वर्षी मिनियापोलिसजवळच्या इडायना इथे व्हिक्टर ग्रूएन या वास्तुरचनाकाराने आखलेला साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. घर बाहेर गेलं, पाठोपाठ दुकान गेलं, शेवटी नोकरीही गेली.

शहरांनी यावर जो पहिला उपाय केला तो रोगापेक्षा भयंकर होता. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना जुने भाग ताब्यात घेऊन पाडण्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. कल्पना अशी की जमीन साफ करून दिली की नवे बांधकाम व्यावसायिक आपोआप येतील. ओक्लाहोमा सिटीने १९६० च्या दशकात वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांच्याकडून डाउनटाऊनचा नवा आराखडा करून घेतला. त्यासाठी शेकडो इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यात १९७७ मध्ये सुरुंग लावून पाडलेलं बिल्टमोर हॉटेलही होतं. आराखड्यात मधोमध एक भव्य खरेदी संकुल काढलेलं होतं. ते कधी बांधलंच गेलं नाही. त्या जागेवर पार्किंग झालं आणि पुढची कित्येक वर्षं पार्किंगच राहिलं.

शहराने पहिलं पाऊल टाकलं नव्हतं असं नाही. टाकलं होतं, पण पुढे कोण येणार हे ठरवण्याआधी होतं ते पाडून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे या एका आराखड्यावरून कळतं.

एका हुकलेल्या कारखान्याची गोष्ट

याच शहराने पुढे जे केलं ते मात्र शिकण्यासारखं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, शहरातली पेन स्क्वेअर बँक १९८२ मध्ये बुडाली आणि ओक्लाहोमा सिटीची अवस्था बिकट झाली. १९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्स विमानदुरुस्तीच्या मोठ्या केंद्रासाठी जागा शोधत होती. ओक्लाहोमा सिटीने भरघोस सवलती देऊ केल्या. तरी केंद्र गेलं इंडियानापोलिसला. महापौर रॉन नॉरिक यांनी स्वतः इंडियानापोलिसला जाऊन पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथलं डाउनटाऊन जिवंत आहे, माणसं रस्त्यावर आहेत. कंपनीला सवलती हव्या होत्याच, पण आपली माणसं जिथे राहायला पाठवायची ते गावही बघण्यासारखं असायला हवं होतं.

मग नॉरिक यांनी कंपन्यांमागे धावायचं सोडून शहरातच पैसा घालायचा प्रस्ताव मांडला. १४ डिसेंबर १९९३ ला मतदान झालं आणि लोकांनी स्वतःवर एक टक्का जादा विक्रीकर लावून घेतला, पाच वर्षांसाठी. या योजनेला ‘मॅप्स’ म्हणतात. तिच्यात नऊ कामं होती: बेसबॉलचं मैदान, जुन्या गोदामांच्या ब्रिकटाऊन भागातून जाणारा कालवा, खेळांचं बंदिस्त संकुल, मध्यवर्ती ग्रंथालय, नाट्यगृहाची दुरुस्ती, नदीवरचे बंधारे वगैरे. त्या नदीचं पात्र इतकं कोरडं असायचं की त्यात वाढलेलं गवत पालिकेला यंत्राने कापावं लागे.

या योजनेतल्या तीन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. नऊही कामांवर एकत्र मत द्यायचं होतं. मला ग्रंथालय हवं पण मैदान नको, असा पर्याय नव्हता. त्यामुळे वेगवेगळ्या आवडीची माणसं एका बाजूला आली. दुसरं, कर किती काळ चालणार याची तारीख आधीच ठरलेली होती. आणि तिसरं, कर्ज काढायचं नाही, कर जमेल तसं बांधायचं. याचा तोटाही होता. सुरुवातीची काही वर्षं लोक कर भरत होते आणि दाखवण्यासारखं काहीच उभं नव्हतं, त्यामुळे टीका झाली. मधेच १९ एप्रिल १९९५ ला डाउनटाऊनमधल्या सरकारी इमारतीवर बॉम्बहल्ला झाला आणि १६८ माणसं गेली. पुढे खर्चही वाढला, म्हणून १९९८ मध्ये पुन्हा मतदारांकडे जाऊन करासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ मागावी लागली. ती मिळाली. एकूण करातून सुमारे ३० कोटी ९० लाख डॉलर जमले आणि काम संपलं तेव्हा शहराच्या डोक्यावर या कामांचं कर्ज नव्हतं.

कालव्याकडे जरा जवळून पाहू. तो रस्त्याच्या पातळीच्या खाली खोदला आहे. त्यामुळे काठावरच्या जुन्या गोदामांची तळघरं थेट पाण्याच्या कडेला उघडली. ज्या तळघराचा मालकाला काडीचा उपयोग नव्हता, तिथे आता दार आणि खिडक्या पाडून दुसरं दुकान करता येऊ लागलं. म्हणजे शहराने एक कालवा खोदला आणि त्याच इमारतीत भाडं मिळवून देणारे दर्शनी मजले एकाचे दोन झाले. गोदाम मालकाचं, डागडुजी त्याच्या पैशाने, धंदा भाडेकरूचा. शहराने फक्त त्यांचा हिशेब बदलला. चांगला सार्वजनिक खर्च कसा असतो असं कुणी विचारलं तर मी या तळघरांकडे बोट दाखवीन.

आणि इंडियानापोलिसचं काय झालं? २००३ मध्ये, दिवाळखोरीत निघालेल्या युनायटेडने ते केंद्र सोडलं. त्यासाठी काढलेलं सार्वजनिक कर्ज तेवढं मागे राहिलं. कालवा कुठे जात नाही.

शंभराची इमारत, पंचाहत्तरची किंमत

आता एका इमारतीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. जुनी इमारत विकत घेऊन तिची घरं करायला एकूण १०० खर्च येतो. त्यातले २० खरेदीचे, ८० दुरुस्तीचे. काम पूर्ण झाल्यावर त्या रस्त्यावर आज जे भाडं मिळतं त्यावरून बँक तिची किंमत ७५ धरते. म्हणजे शहाणा माणूस १०० घालून ७५ ची वस्तू तयार करणार नाही. मधल्या २५ ला खड्डा म्हणा. भागीदारीच्या करारातली सगळी क्लिष्ट कलमं या खड्ड्याभोवती फिरतात.

खड्डा भरायचे मार्ग अनेक. अमेरिकेत ऐतिहासिक नोंद असलेली इमारत तिचं मूळ रूप जपून दुरुस्त केली, तर दुरुस्तीच्या खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते. आपल्या हिशेबात ८० चे २० टक्के, म्हणजे १६. उरले ९. त्यासाठी शहर कमी व्याजाचं दुय्यम कर्ज (म्हणजे बँकेचं फेडून झाल्यावर फेडायचं) देतं, किंवा काही वर्षं मालमत्ता कर गोठवतं, किंवा समोरचा पदपथ आणि पाण्याची लाइन स्वतःच्या खर्चाने करून देतं. काही वेळा जमीन शहराचीच असते. मग ती विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली की सुरुवातीचा भार हलका होतो आणि जमीनही शहराच्या हातून जात नाही. मला हा शेवटचा मार्ग सगळ्यात आवडतो. जमिनीचा भाव पुढे चढणार हीच तर सगळ्यांची आशा आहे. मग ती आधीच विकून मोकळं का व्हायचं?

पहिली इमारत उभी राहिली, तिच्यात चाळीस घरं भरली, की खाली किराणा दुकान येतं. असतील शितं तर जमतील भुतं. दुसऱ्या इमारतीला भाडं थोडं जास्त मिळतं, तिचा खड्डा २५ चा १८ होतो. असं होत होत दहाव्या इमारतीचा खड्डा उरतच नाही, आणि त्या बांधकाम व्यावसायिकाला मदत द्यायची काही गरज नसते. इथेच बहुतेक शहरं चुकतात. पहिल्याला दिलेली सवलत दहाव्यालाही चालू राहते, कारण तोवर ती मागणाऱ्यांची संघटना तयार झालेली असते आणि नळ बंद करायला कुणी धजत नाही. आवळा देऊन कोहळा काढणारे मग बरेच जमतात.

कॅनडातल्या कॅलगरीने २०२१ मध्ये एक वेगळी पद्धत आणली. तेल कंपन्यांची रिकामी पडलेली कार्यालयं घरांमध्ये बदलायची तर चौरस फुटामागे ७५ कॅनेडियन डॉलर मदत, पण पैसे हातात पडणार काम पूर्ण झाल्यावर. मधेच काम सोडणाऱ्याला काही नाही. अशी अट साधी दिसते, पण शहराचा निम्मा धोका तिनेच कमी होतो. (कार्यालयाचं घर करणं वाटतं तितकं सोपं नसतं, हेही जाता जाता सांगतो. मोठ्या कार्यालयाचा मजला इतका खोल असतो की मधल्या भागाला खिडकीच मिळत नाही, आणि संडास-मोऱ्यांच्या नळ्या सगळ्या एकाच कोपऱ्यात असतात. म्हणून जुन्या, अरुंद इमारती आधी बदलल्या जातात.)

उद्याच्या कराच्या भरवशावर

शहराकडे खड्डा भरायला रोख पैसा नसला तर? त्यासाठी कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये एक युक्ती काढली. तिला टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग किंवा थोडक्यात टिफ म्हणतात. नकाशावर एका भागाभोवती रेघ मारायची. त्या भागातून आज जितका मालमत्ता कर येतो तितका नेहमीप्रमाणे शाळा, जिल्हा, शहर यांना जात राहील. पण इथून पुढे तिथल्या कराच्या उत्पन्नात जी वाढ होईल, ती वीस-पंचवीस वर्षं त्याच भागाच्या खात्यात जमा करायची. त्या येणाऱ्या वाढीच्या भरवशावर आजच रोखे काढायचे आणि त्या पैशातून रस्ते, दिवे, मलवाहिन्या करायच्या.

ओक्लाहोमा सिटीत याचा नमुनेदार वापर झाला. डेव्हन एनर्जी या कंपनीने डाउनटाऊनमध्ये ५० मजली मुख्यालय बांधलं, ते २०१२ मध्ये पूर्ण झालं. त्या इमारतीमुळे वाढलेला कर बाजूला काढून आसपासचे रस्ते, पदपथ आणि उद्यान नव्याने केले गेले. आणि ही इमारत उभी राहिली ती जागा कोणती? पेईंच्या आराखड्यातलं खरेदी संकुल जिथे होणार होतं, तीच, इतकी वर्षं पार्किंग म्हणून पडून राहिलेली.

टिफची गोम एका प्रश्नात आहे: ही वाढ टिफमुळे झाली, की तशीही होणारच होती? तशीही होणार असेल, तर शाळेच्या वाट्याचा कर आपण विनाकारण तिकडे वळवला. कायद्यात बहुतेक ठिकाणी ही कसोटी लिहिलेली असते, पण ती तपासतं कोण, तर ज्याला टिफ हवं आहे तोच. कॅलिफोर्नियात हे इतकं पसरलं की शाळांची तूट राज्याला भरून द्यावी लागू लागली. शेवटी २०११ मध्ये कायदा करून, जिथे ही युक्ती जन्मली त्याच राज्याने अशा सगळ्या पुनर्विकास संस्था बंद केल्या. १ फेब्रुवारी २०१२ ला त्या संपल्या.

बांधून झाल्यावरची रोजची झाडलोट हा कंटाळवाणा वाटणारा पण निर्णायक भाग. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी त्यावर १९७० मध्ये उपाय काढला. ऐच्छिक वर्गणीत नेहमी निम्मे लोक देतात आणि फायदा सगळे घेतात. म्हणून त्यांनी कायद्यानेच त्या पट्ट्यातल्या प्रत्येक व्यवसायावर छोटी पट्टी बसवून घेतली आणि तो पैसा त्याच रस्त्याच्या दिव्यांवर, झाडांवर, बाकांवर खर्च केला. आज जगभर अशी हजारो क्षेत्रं आहेत.

दुसऱ्याचं पाहून केलेलं

एका शहरात चाललेली गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवली की चालतेच असं नाही. साउथडेल मॉल आखणाऱ्या ग्रूएन यांनीच मिशिगनमधल्या कॅलामझू शहरासाठी डाउनटाऊनचा आराखडा केला, आणि १९५९ मध्ये तिथला मुख्य रस्ता गाड्यांसाठी बंद करून पादचाऱ्यांना दिला गेला. पाठोपाठ अमेरिकेतल्या शंभराहून अधिक शहरांनी तेच केलं. बहुतेक ठिकाणी रस्ता अधिकच सुना झाला, कारण चालायला माणसंच राहत नव्हती. कॅलामझूनेही १९९८ मध्ये त्यातला काही भाग गाड्यांना पुन्हा खुला केला. स्पेनमधल्या बिलबाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडल्यावर असाच मोह अनेक शहरांना झाला. संग्रहालय सगळ्यांना दिसलं. त्याआधीची नदीची सफाई, १९९५ ची मेट्रो, बंदर समुद्राकडे हलवून मोकळी केलेली सरकारी जमीन आणि ती जमीन टप्प्याटप्प्याने विकसित करायला १९९२ मध्ये स्थापन केलेली सार्वजनिक संस्था, हे कुणी फारसं पाहिलं नाही.

आणि काही चुका पैशाच्या नसतात. कनेटिकटमधल्या न्यू लंडन शहराने फायझर या औषध कंपनीच्या संशोधन केंद्राशेजारी नवी वसाहत करण्यासाठी लोकांची राहती घरं सक्तीने घ्यायचं ठरवलं. सुझेट केलो या परिचारिकेने विरोध केला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. घरं गेली. २००९ मध्ये फायझरने तिथून निघायचं जाहीर केलं. घेतलेली जमीन त्यानंतरही कित्येक वर्षं गवताखाली पडून होती.

म्हणून करार होण्याआधी, सही होण्याच्या पुष्कळ आधी, त्या भागातली माणसं टेबलाशी बसलेली हवीत. डेट्रॉइटने २०१६ मध्ये मतदानाने असा नियम केला: साडेसात कोटी डॉलरहून मोठा प्रकल्प सार्वजनिक जमीन किंवा करसवलत घेत असेल, तर शेजारच्या रहिवाशांच्या नऊ जणांच्या समितीशी विकासकाने बोलणी करायची. याहून कडक प्रस्तावही त्याच मतदानात होता, तो पडला. आणि समितीच्या हाती फार काही नसतं ही तक्रार खरी आहे. तरी काहीच नसण्यापेक्षा हे बरं.

या समितीपुढे जे प्रकल्प आले त्यात मिशिगन सेंट्रल स्टेशनही होतं. डाउनटाऊनच्या पश्चिमेला, कॉर्कटाऊनमध्ये, १९१३ मध्ये उघडलेलं प्रचंड रेल्वे स्टेशन. १९८८ मध्ये शेवटची गाडी गेली आणि पुढची तीस वर्षं ते उघडंवाघडं उभं राहिलं. काचा फुटल्या, तांबं चोरीला गेलं, तळघरात पाणी साचलं. सगळे एकमेकांची वाट पाहत होते. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतलं, शहराने आणि राज्याने करसवलती दिल्या, आणि सहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर जून २०२४ मध्ये ते उघडलं.

विक्रीची बातमी आल्यावर थोड्याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा फोन आला. स्टेशनवरचं जुनं घड्याळ त्याच्याकडे होतं, वीसहून अधिक वर्षं. त्याने एक ठिकाण सांगितलं. लोक तिथे गेले तेव्हा एका जळक्या इमारतीला टेकवून, सामान हलवताना वापरतात तशा जाड घोंगड्यांत नीट गुंडाळून, घड्याळ ठेवलेलं होतं.